बाईंचा ब्लॉक

"बाई लावल्यात का?" आतल्या खोलीतून मॅडमचा आवाज आला.

"लावल्या की," मावशी म्हणाली. "पण फिक्या आल्यात. जुन्या बाटलीवर झक्क होत्या, नव्या बाटलीवर तोंड पाडून बसल्यात."

मी दारात उभी होते. मावशीची पाठ माझ्याकडे होती. एक काचपट्टी उजेडासमोर धरून ती एक डोळा मिटून बघत होती. कुणीतरी आहे असं जाणवून तिने मान वळवली, आणि तिचा हात तसाच वर राहिला.

"तू कधी आलीस?"

"आत्ताच."

"ऐकलंस."

"हो."

तिने काचपट्टी खाली ठेवली, हातमोजे काढले, पुन्हा घातले. "आम्ही इथं असंच बोलतो गं. मनात काही नसतं."

"माहितीये मला, मावशी."

मला वाईट वाटलं नव्हतं. तसं काहीच वाटलं नव्हतं. आई गेल्यापासून माझं हे असंच चाललं होतं. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल आपला असूनही आपला राहत नाही, तसं. माणूस बोलतो, चहा पितो, चहा सांडतही नाही. फक्त ओठ कुठे संपतो आणि कप कुठे सुरू होतो ते कळत नाही.

बाई म्हणजे माझी आई. हॉस्पिटलच्या या तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत तिने सगळी नोकरी काढली. वरचे डॉक्टर बदलले, रंग बदलले, यंत्रं बदलली, ती बदलली नाही. आणि त्या दिवशी मी तिला घरी न्यायला आले होते.

तिला म्हणजे तिच्या मानेतल्या गाठीला. काडेपेटीएवढ्या प्लॅस्टिकच्या चौकटीवर मेणाचा ठोकळा, आणि त्या मेणात बसवलेला गाठीचा तुकडा. त्याला इथे ब्लॉक म्हणतात. शस्त्रक्रियेत शरीराचा जो भाग काढतात तो इथे येतो, त्यातलं पाणी काढून तो वितळलेल्या मेणात बसवतात. मेण थिजलं की मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर त्याचे काप काढायचे, इतके पातळ की त्यांच्याआडून वर्तमानपत्र वाचता यावं. ते कोमट पाण्यावर सोडायचे, काचपट्टीवर उचलायचे, रंगवायचे. पुढचं सूक्ष्मदर्शक आणि डॉक्टर बघून घेतात. आईने आयुष्यभर काप काढले. कुणी विचारलं काय करता, तर म्हणायची, "मी चिरते." शेजारच्या काकूंचा कित्येक वर्षं समज होता की ती हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात आहे. आईने तो कधी दुरुस्त केला नाही. उलट त्यांच्या घरी कार्य निघालं तेव्हा कांदा चिरायला गेली आणि सगळ्यांच्या आधी टोपली रिकामी करून आली.

मावशी माझी सख्खी मावशी नाही. ती आईच्या हाताखाली लागली तेव्हा नुकती शिकून आलेली होती आणि आई तिला धाकटी म्हणायची. आता धाकटीचेही केस पिकलेत. सुरुवातीला ती काप जाड काढायची. आई तो काप चिमट्यात धरून म्हणायची, "धाकटे, हा पुठ्ठा झाला. यावर पत्ता लिही आणि टाक टपालात." मावशीने हे मला इतक्यांदा सांगितलंय की तो प्रसंग मीच पाहिला असं मला वाटतं.

"बस ना," मावशी म्हणाली. "मॅडमना सांगते तू आलीस."

मी उंच स्टुलावर बसले. तो आईचा. त्याच्या एका पायाखाली रबराचा तुकडा होता, डगमगू नये म्हणून बाबांनी दिलेला. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. त्यांच्या पिशवीत कशाचा ना कशाचा रबरी तुकडा कायम असे. पण तो त्यांनी घरीच दिला होता. इथे ते कधी आले नव्हते. संध्याकाळी आईला न्यायला येत, आणि फाटकाबाहेर स्कूटर लावून, हेल्मेट आरशाला अडकवून उभे राहत. आत या म्हटलं तर म्हणत, "तुझं तू ये. मला त्या वासानं मळमळतं." घरी आल्यावरही ते म्हणत, "हाताला वास येतोय तुझ्या." आई म्हणायची, "तुमच्या हाताला ग्रीसचा येतो. दोघं मिळून गॅरेज उघडू."

ते हसत नसत. आईची ड्यूटी सुटायची वेळ होऊन गेली तरी ती बाहेर यायची नाही, आज जास्त होतं हो, असं म्हणत यायची, आणि हे जास्त रोजचंच होतं. बाबांना त्या तळमजल्याचा राग होता. घरी एखादा नातेवाईक सारखा येऊन बसतो, जातच नाही, त्याच्यावर असतो तसला राग.

मॅडम बाहेर आल्या. पांढऱ्या कोटाच्या खिशात चष्मा, डोक्यावर दुसरा चष्मा. त्या इथल्या पॅथॉलॉजिस्ट. आईच्या आजाराचं नाव कागदावर त्यांनीच लिहिलं होतं.

"बरं झालं आलीस," त्या म्हणाल्या. "बाबा कसे आहेत?"

"ठीक."

"जेवतात का नीट?"

"पानात वाढलं तेवढं."

त्यांनी मान हलवली. कोपऱ्यात गरम पाण्याचं भांडं गुरगुरत होतं.

"ब्लॉक न्यायला आलेय," मी म्हणाले. "बाबांनी सांगितलंय."

हे आधी सांगायला हवं होतं की हा ब्लॉक कपाटात का नव्हता. लोकांचे ब्लॉक तपासणी झाली की नंबरवार कपाटात जातात आणि तिथेच पडून राहतात. आईचा मात्र रोज कामावर होता.

त्याचं असं आहे. पेशींच्या अंगावर खुणा असतात, डोळ्यांना न दिसणाऱ्या. अमुक खूण कुठल्या पेशीवर आहे ते शोधायला अँटिबॉडी वापरतात. ती त्या एकाच खुणेला चिकटते, दुसऱ्या कशाला नाही. वरून रंग घातला की जिथे ती चिकटली तिथे तपकिरी कडा उमटते. पण रंग नाही आला तर? खूण नाही म्हणून आला नाही, की बाटली खराब म्हणून? हे कळावं यासाठी प्रत्येक काचपट्टीच्या कडेला आणखी एक काप लावतात. त्यात ती खूण आहे हे आधीपासून ठाऊक असतं. बाकी सगळे त्याला कंट्रोल म्हणतात. आई साक्षीदार म्हणायची. "साक्षीदार फुटला की खटला रद्द. मग पेशंटचं कितीही खरं असो."

मी लहान होते तेव्हा त्यांचा साक्षीदार ड्रायव्हर होता. हॉस्पिटलच्या अँब्युलन्सच्या ड्रायव्हरचे टॉन्सिल काढले होते आणि त्यात म्हणे सगळ्या खुणा होत्या. कित्येक वर्षं ते पुरले. आई जेवताना सांगायची, "आज ड्रायव्हर काय सुंदर आलाय." बाबा ताटावरून मान वर करून बघत. ड्रायव्हर स्वतः ठणठणीत होता, रोज प्रयोगशाळेच्या खिडकीशी येऊन ओरडायचा, "बाई, माझं काही उरलंय का?" तो ब्लॉक संपला त्या दिवशी या लोकांनी त्याला बोलावून चहा पाजला होता.

मग आईच्या मानेला गाठ आली.

ती काढली वरच्या मजल्यावर, आणि तपासायला आली खाली. आपल्या माणसाचा तुकडा आपण हाताळायचा नाही, असा इथला अलिखित नियम. लिहिलेला असता तर बरं झालं असतं. मावशीला वाटलं तो ब्लॉक दुसऱ्या टेक्निशियनने कापला. त्याला वाटलं मावशीने. मॅडमना वाटलं दोघांपैकी कुणीतरी रंगवायला घातला असेल, आणि त्या विचारायला धजल्या नाहीत. सगळे एकमेकांची नजर चुकवत होते आणि ब्लॉक बर्फाच्या ताटलीवर दिवसभर गार होत पडला होता. आई तेव्हा मानेला पट्टी बांधून कामावर आली होती. घरी बसून काय करू, म्हणाली होती. दिवस संपताना ताटलीत काही उरलंय का हे बघायची तिची सवय. एक उरला होता. तिने नंबर वाचला. तो तिने सकाळी वरून आलेल्या, स्वतःच्या नावाच्या चिठ्ठीवर वाचलेला होता. मग तिने स्टूल ओढलं आणि तो कापला.

मावशीला कळलं तेव्हा आई पाण्यावरून काप उचलत होती. मावशी रडायला लागली. आई म्हणाली, "रडतेस काय? पडून होता, कापला. पाण्यात थेंब पाडू नकोस, काप हलतोय."

घरी येऊन आईने हे आम्हाला सांगितलं ते भाजी निवडताना सांगावं तसं. "एवढ्या माणसांत माझं काम माझ्याच वाट्याला आलं बघा." बाबा उठून बाल्कनीत गेले.

लिम्फोमा निघाला, म्हणजे गाठींचा कॅन्सर, त्यातलाही जरा वेगळा. त्याच सुमारास मॅडमच्या अभ्यासासाठी एक नवी अँटिबॉडी आली होती, लिम्फोमाच्या पेशींवरची एक खूण शोधणारी. इवलीशी बाटली, तिच्यावर छापलेलं, फक्त संशोधनासाठी. म्हणजे तिच्या भरवशावर कुणाचा आजार ठरवायचा नाही, कुणाला औषध द्यायचं नाही. ती खरं बोलते की नाही हेच आधी ठरवायचं होतं, आणि ते ठरवायला ती खूण ठासून भरलेला साक्षीदार हवा होता. पुष्कळ ब्लॉक तपासले. आईइतका कुणाचाच रंगला नाही. मॅडमनी फार संकोचत विचारलं. आई म्हणाली, "घ्या की. नाहीतरी कपाटात झोपूनच राहणार तो." सही करून मोकळी झाली. बाबांना सांगितलं नाही. मलाही नाही.

आई गेली त्या दुपारी बाबा चहा गाळत होते. कप दोन भरले होते.

नंतर मावशी भेटायला आली. काय बोलावं ते सुचेना म्हणून म्हणाली, "भाऊजी, बाई अजून रोज आमच्याबरोबर असतात." बाबांनी मान डोलावली, लोक बोलतात तसंच काहीतरी समजून. मावशीला वाटलं त्यांना ठाऊक आहे. तिने पुढे सगळं सांगितलं. चांगल्या मनाने सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं, तिला फाटकापर्यंत सोडून आले. पुढे किती दिवस ते त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. मग एका सकाळी बूट पुसता पुसता म्हणाले, "तो घेऊन ये."

"काय?"

"ती जी काय वडी आहे मेणाची. घेऊन ये. जिवंत होती तोवर त्यांनीच वापरली. आता उरली तेवढी तरी माझी मला द्या म्हणावं."

"बाबा, आईनेच दिलंय ते."

"मला विचारून?"

मी आईचा डबा शोधायला उठले. आई गेल्यावर जी कामं समोर आली ती मी एकेक करत गेले होते. तिचा फोन बंद करणं, चष्मा कुणाला तरी देणं. त्यातलंच हे एक.

"न्या ना," मॅडम म्हणाल्या. "हक्क आहे तुमचा. बाईंची सही आहे, पण घरच्यांना नको असेल तर मी ठेवणार नाही." त्या थांबल्या. "फक्त बाबांना यावं लागेल. त्यांची सही लागते, नवरा म्हणून."

"मी चालणार नाही?"

"मुलगी दुसऱ्या नंबरावर," मावशी म्हणाली. "कायदा आहे, मी नाही केला."

मी बाबांना फोन केला. यावं लागेल म्हटलं. ते म्हणाले, "फाटकावर देत नाहीत का आणून?"

"नाही, बाबा."

"बरं."

ते येईपर्यंत मावशीने मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. मी म्हटलं नव्हतं. "बघ तरी," ती म्हणाली, "नेणारच आहेस तर. ही जुन्या बाटलीवरची, ही आजची."

जुनीवर मला कडाच कडा दिसल्या. तपकिरी, गोल, एकमेकींना खेटून. टेबलावर कपांचे डाग उमटावेत, आणि कुणी ते पुसलेच नसावेत वर्षानुवर्षं, तशा. आजचीवर तेच कप, पण कुणीतरी अर्धवट पुसून गेलेलं.

"दिसल्या का?"

"दिसल्या."

मावशी माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. तिथे तिला काही सापडलं नसणार. ही माझी आई, असं मी मनात म्हणून पाहिलं. शब्द बरोबर होते. मी काचपट्टी जागेवर ठेवली आणि मावशीने पुढे केलेलं बिस्किट खाल्लं.

"आज फिकी का?" मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"तेच तर कोडं आहे. बाटली नवीन आलीय आज. आणि काप मी मागे काढून ठेवलेले. शिळे झाले की रंग घेत नाहीत. बाटली वाईट की काप शिळे, ताजा काप काढल्याशिवाय कळायचं नाही." मग तिचा आवाज खाली आला. "पण तू आलीस. आता नाही कापत मी."

बाबा आले. दारातच थांबले. इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि नाकाला रुमाल लावलेला होता. मावशीने पुढे होऊन "या, भाऊजी" म्हटलं, तेव्हा त्यांनी रुमाल खिशात ठेवला. ते छताकडे, नळ्यांकडे, दिव्यांकडे बघत आले. घरात नवीन माणूस आला की भिंतींकडे बघतो, माणसांकडे नाही, तसे.

"कुठे सही?" ते म्हणाले.

मॅडमनी खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत.

"आधी बघू दे," ते म्हणाले.

मावशीने फ्रीज उघडला आणि ब्लॉक त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांचा हात जरासा दचकला.

"गार आहे."

"गार ठेवावा लागतो. मेण मऊ पडलं की काप नीट येत नाही."

"यातली ती कुठली?"

"मधला पांढुरका भाग. बाकी नुसतं मेण."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि ब्लॉक डोळ्यांजवळ नेला. अंगठ्याने कडेकडेने चाचपला. वरचं तोंड गुळगुळीत होतं, आणि झिजून खालच्या प्लॅस्टिकच्या अगदी जवळ आलेलं होतं.

"बरीच झिजलीय," ते म्हणाले.



"घरी कशात ठेवायची?"

"कशातही," मॅडम म्हणाल्या. "फक्त उन्हात नको, शेगडीजवळ नको. मेण आहे."

"किती दिवस राहील?"

"तशीच राहील. माझ्या जन्माआधीचे ब्लॉक आहेत आमच्या कपाटात. जसेच्या तसे."

"म्हणजे माझ्यानंतरही."

"हो."

"हिच्याही नंतर." त्यांनी माझ्याकडे न बघता माझ्याकडे बोट केलं.

मॅडमनी मान हलवली.

"आणि इथं राहिली तर?"

मॅडम मावशीकडे बघू लागल्या. मावशी म्हणाली, "इथं संपते, भाऊजी. लागेल तसा काप काढतो. एक दिवस मेणच तेवढं उरतं."

"मग?"

"मग काही नाही. चौकट टाकून देतो."

बाबा खुर्चीवर बसले. ब्लॉक गुडघ्यावर, वर पंजा. मला वाटलं आता ते सही मागतील. कागद टेबलावर होता, पेन होतं. माझ्या पिशवीत आईचा डबा होता, त्यात रुमालाची घडी घालून आणली होती, ब्लॉक खडखडू नये म्हणून. हे सगळं कसं शहाण्यासारखं केलं होतं मी.

"मी येताना तुम्ही काहीतरी म्हणत होतात," बाबा मावशीला म्हणाले. "शिळी का काय."

"ते आमचं कामाचं."

"सांगा की. मलाही मळमळण्यापलीकडे थोडं कळतं."

मावशीने सांगितलं. नवी बाटली, फिका रंग, ताजा काप. ती घाईघाईने सांगत होती आणि मधेच माझ्याकडे बघत होती, जास्त बोलले का, अशा नजरेने. मॅडमनी एकदोनदा तिचं वाक्य पुरं केलं. बाबा ऐकत होते. घरात ते कुणाचं इतका वेळ ऐकून घेत नसत. आईचंही नाही.

"नवीन लिफ्ट बसवली," ते म्हणाले, "की आम्ही माणसं घालत नाही आधी. वजनं घालतो. लोखंडी, ठोकळे. वर नेतो, खाली आणतो, मधेच ब्रेक मारून बघतो."

"हो?" मॅडम म्हणाल्या.

"वजन ठाऊक पाहिजे. अंदाजपंचे दाहोदरसे नाही चालत. ठाऊक नसलं तर लिफ्ट कुरकुरतेय ती वजनानं की तार ढिली म्हणून, ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. आणि मग त्यात लोक चढतात."

"अगदी तसंच आहे हे."

"कळलं मला तसंच आहे ते."

ते उठले. ब्लॉक पंजाखालून काढून त्यांनी उजेडात धरला. चेहऱ्यावर काही नव्हतं. आमच्या दोघांचा चेहरा एकसारखा आहे असं आई म्हणायची. कुलूप एक आणि किल्ल्या दोन्ही हरवलेल्या.

"आमच्या खात्यात," ते म्हणाले, "वजनं कुणी घरी नेत नाही."

मावशीने हात पुढे केला नाही. तिला खात्री नव्हती. बाबांनीच ब्लॉक तिच्या टेबलावर ठेवला, सरळ, कडेला कड लावून.

"कापा," ते म्हणाले. "फक्त मला बघू द्या."

मॅडम आत निघून गेल्या. टेबलावरचा कागद त्यांनी जाताना उचलून नेला.

मावशीने ब्लॉक बर्फाच्या ताटलीवर पालथा ठेवला, आणि तो पुरेसा गार होईपर्यंत आम्ही तिघं नुसते बसून राहिलो. बाबांनी मायक्रोटोमचं चाक एकदा हाताने फिरवून पाहिलं. "तेल कोण घालतं?" त्यांनी विचारलं. "बाई घालायच्या," मावशी म्हणाली. "आता मी." "बरं घालता," ते म्हणाले.

मग तिने ब्लॉक यंत्राच्या चिमट्यात बसवला, पातं पुढे घेतलं, चाक फिरवलं. पहिले एकदोन वेढे नुसतं मेणाचं पीठ पडलं. मग पात्याच्या धारेवरून एक पापुद्रा खाली उतरला, त्याच्या कडेला दुसरा चिकटून आला, दुसऱ्याला तिसरा. पट्टी तयार होऊ लागली. मधे प्रत्येकात तो फिकट डाग, एकसारखा. बाबा पुढे वाकले, इतके की त्यांचा चष्मा यंत्राला लागला असता.

"भाऊजी," मावशी हळूच म्हणाली, "जरा श्वास आवरा. फुंकरीनं उडतं हे."

बाबांनी श्वास रोखला.

मावशीने डाव्या हातातल्या कुंचल्याने पट्टीचं टोक उचललं, उजव्या हाताने दुसरं, आणि ती कोमट पाण्यावर आणून अलगद सोडली. पाण्यावर पडताना ती चुरगळलेली होती. मग तिच्या घड्या आपोआप उलगडत गेल्या, एका कडेकडून.

"घ्या आता श्वास," मावशी म्हणाली.

बाबांनी ऐकलं असावं, कारण त्यांनी मान हलवली. पण ओठ मिटलेलेच होते. पट्टीच्या पलीकडच्या टोकाला एक सुरकुती अजून निघायची होती.